रक्त नेमके कुठल्या पिशवीतून?

उतारवयात मोठ्या आतड्यातून अचानक, न दुखता, भांडे लाल होईल इतके रक्त जाऊ लागले, तर त्याच्या कारणांत डायव्हर्टिक्युला, म्हणजे आतड्याच्या भिंतीतून बाहेर आलेल्या छोट्या पिशव्या, फार वरच्या जागी असतात. जपानमधल्या ४९ रुग्णालयांनी २०१० ते २०१९ या काळातले अशा तक्रारीचे १०,३४२ रुग्ण एकत्र करून त्यांची माहिती तपासली. त्यांतल्या जवळजवळ ६४ टक्के रुग्णांत रक्त या पिशव्यांमधून आलेले निघाले. आपल्याकडे हा शब्द रुग्णाच्या कानावर पडतो तो बहुधा कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट हातात आल्यावरच. संडासवाटे रक्त गेले की घरात पहिले नाव निघते मूळव्याधीचे, आणि बरेचदा दुसरे नाव निघतच नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत या रक्तस्रावावर दुर्बिणीतून करता येतील असे बरेच उपचार आले. इंजेक्शन, उष्णता, धातूची क्लिप, रबरी बँड, नायलॉनचा फास, पावडर. त्यांचे निकाल एकापुढे एक ठेवून वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. रक्त थांबवण्याची कला जितकी पुढे गेली, तितकी ते कुठून येते हे शोधण्याची गेलेली नाही. एकाच आतड्यात डझनावारी पिशव्या असतात. त्यांतली एकच वाहते, आणि दुर्बीण तिथे पोचेपर्यंत बहुतेक वेळा तीही थांबलेली असते. या विषयातले जवळजवळ सगळे वाद या एका अडचणीतून निघालेले आहेत.

आधी पिशवीची घडण. मोठ्या आतड्याला बाहेरून रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या स्नायूचा थर भेदून आत शिरतात, आणि जिथे शिरतात तिथे स्नायूत फट राहते. आतला दाब वाढत गेला की आतड्याचे अस्तर त्या फटीतून बाहेर ढकलले जाते. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब फुगा धरून बाहेर डोकावते, तसेच. म्हणजे पिशवीच्या घुमटाला स्नायूचा आधार नसतो. उपचार करताना हा मुद्दा पुन्हा पुन्हा आडवा येतो. शिवाय जिच्यामुळे ती फट राहिली, तीच धमनी आता पिशवीच्या डोक्यावरून ताणली गेलेली असते. तिच्या आणि आतड्याच्या पोकळीच्या मध्ये उरते ते फक्त पातळ अस्तर.

मॉर्टन मेयर्स या अमेरिकी रेडिओलॉजिस्टने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये रक्तस्रावामुळे कापून काढलेल्या आतड्यांचा बारकाईने अभ्यास केला. धमनी फुटते ती पोकळीकडच्या बाजूने, पिशवीच्या घुमटाशी किंवा मानेशी. फुटण्याआधी तिची भिंत त्याच बाजूला झिजून पातळ झालेली असते. आसपास सूज किंवा पू मात्र नसतो. रुग्णाला दुखत का नाही, याचे उत्तर इथे मिळते. पिशवीला सूज येण्याचा आजार, म्हणजे डायव्हर्टिक्युलायटिस, हा वेगळा. तो दुखतो, ताप आणतो, आणि सहसा फारसे रक्त काढत नाही. नावे सारखी असल्याने दोन्हींची गल्लत होते आणि रक्तस्रावाच्या रुग्णाला विनाकारण अँटिबायोटिक सुरू होते.

पाश्चात्त्य देशांत या पिशव्या प्रामुख्याने डाव्या बाजूला, शेवटच्या वळणात असतात. जपान, कोरिया आणि एकूण पूर्व आशियात त्या उजवीकडे जास्त. उजवीकडची भिंत पातळ आणि पोकळी मोठी. पाश्चात्त्यांमध्येही बहुतेक पिशव्या डावीकडे असूनसुद्धा मोठा रक्तस्राव उजवीकडून होण्याचे प्रमाण त्या मानाने बरेच जास्त आढळते. या विषयावरचे संशोधन जपानमध्ये इतके का फोफावले, याचे एक कारण या शरीररचनेत आहे. दुसरे म्हातारी होत चाललेली लोकसंख्या, आणि तिसरे दुर्बिणीवरचे त्या देशाचे जुने प्रेम.

आता आणखी एक आकडा, जो डोळ्यांआड केला तर पुढचे सगळे आकडे फसवे ठरतात. डायव्हर्टिक्युलाचा रक्तस्राव सुमारे ७५ ते ८० टक्के रुग्णांत आपोआप थांबतो. सलाइन लावा, गरज पडली तर रक्ताची बाटली चढवा आणि वाट पाहा. चारांपैकी तिघांचे काम तेवढ्याने होते. अशा आजारात कोणत्याही उपचाराला यश आल्यासारखे वाटणे फार सोपे असते. प्रश्न उरलेल्या एकाचा, आणि थांबल्यावर पुन्हा सुरू होणाऱ्यांचा.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला लॉस एंजेलिसच्या डेनिस जेन्सन यांच्या चमूने. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला त्यांचा लेख या क्षेत्रातला मैलाचा दगड मानला जातो. त्यांनी दोन काळांतल्या रुग्णांची तुलना केली. १९८६ ते १९९२ या पहिल्या काळात तातडीने कोलोनोस्कोपी होई, पण दुर्बिणीतून उपचार होत नसे. त्या ७३ रुग्णांपैकी १७ जणांत रक्तस्राव पिशवीतूनच झाल्याच्या पक्क्या खुणा दिसल्या. त्यांतल्या ९ जणांना पुन्हा रक्त गेले आणि ६ जणांचे आतडे कापावे लागले. १९९४ ते १९९८ या दुसऱ्या काळात ४८ रुग्ण आले. १० जणांत खुणा दिसल्या, त्या सगळ्यांवर ॲड्रिनलिनचे इंजेक्शन, उष्णतेचा चटका किंवा दोन्ही असे उपचार झाले. त्यांपैकी एकालाही पुन्हा रक्त गेले नाही, एकालाही शस्त्रक्रिया लागली नाही.

सहा शस्त्रक्रियांवरून शून्यावर! निकाल वाचून जगभरच्या पोटविकारतज्ज्ञांच्या मनात समीकरण पक्के झाले: लवकर दुर्बीण, लवकर निदान, लवकर उपचार. पण लेख नीट वाचला तर त्यात चिठ्ठ्या टाकून वाटलेले गट नव्हते, दोन काळांमध्ये शुश्रूषाही सुधारली होती, आणि ज्यांच्यावर दुर्बिणीतून उपचार झाले ते रुग्ण होते अवघे दहा. दहा रुग्णांवर उभे राहिलेले एवढे मोठे मत वैद्यकात क्वचितच सापडेल.

ते मत पुढच्या वीस वर्षांत हळूहळू ढासळले. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत १०० रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. तातडीच्या कोलोनोस्कोपीने रक्ताचे निश्चित ठिकाण ४२ टक्के रुग्णांत सापडले, नेहमीच्या पद्धतीने २२ टक्क्यांत. म्हणजे शोध जवळपास दुप्पट. पण मृत्यू, पुन्हा रक्त जाणे, शस्त्रक्रिया, रुग्णालयातला मुक्काम, यांत म्हणावा असा फरक पडला नाही. २०१० मध्ये लॉरेन लेन आणि शाह यांच्या ७२ रुग्णांच्या चाचणीतही तेच. सर्वांत बोलका निकाल २०२०चा, जपानमधल्या १५ रुग्णालयांचा. २४ तासांच्या आत दुर्बीण घातली तेव्हा रक्तस्रावाच्या खुणा दिसल्या सुमारे २१ टक्के रुग्णांत. २४ ते ९६ तासांनी घातली तेव्हाही सुमारे २१ टक्के. घाई करून खुणा जास्त सापडतात, ही मूळ समजूतच तिथे टिकली नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ म्हटले आहे, की २४ तासांच्या आत कोलोनोस्कोपी केल्याने रुग्णाचे भले होते असे दिसलेले नाही.

मग जेन्सन चुकले होते का? माझ्या मते नाही. त्यांचा निष्कर्ष दोन भागांचा होता आणि लोकांनी त्यातला सोपा भाग उचलला. ‘लवकर करा’ हे कोणालाही ऐकता येते. ‘वाहणारी पिशवी ओळखा आणि तिच्यातल्या वाहिनीवरच उपचार करा’ हे अवघड आहे. जिथे खुणा सापडतात तिथे उपचाराचा उपयोग होतो, ही गोष्ट नंतरच्या कामानेही खोडलेली नाही. उलट, खुणा दिसूनही तसेच सोडलेल्या रुग्णांत पुन्हा रक्त जाण्याचे प्रमाण मोठे असते.

या खुणा तीन. पिशवीतून डोळ्यांदेखत वाहणारे रक्त, पिशवीत उघडी पडलेली वाहिनी, आणि पाण्याच्या फवाऱ्यानेही न सुटणारी गुठळी. जेन्सन यांच्याच गटाने पुढे दुर्बिणीतून आत जाणारा बारीक डॉपलर वापरून या खुणांखालचा रक्तप्रवाह ऐकला. या तीन खुणांखाली धमनीतला प्रवाह बहुतेक वेळा जिवंत सापडला. नुसत्या सपाट डागाखाली तो फारसा नव्हता. उपचार केल्यावर डॉपलर पुन्हा लावून प्रवाह बंद झाल्याची खात्री करता येते. डोळ्याला जे संपलेले दिसते ते खाली चालूच असू शकते, हे त्यातून कळले. पण हे यंत्र मोजक्याच केंद्रांत आहे.

खुणा सापडण्यासाठी आतडे साफ लागते, आणि इथे कारागिरी सुरू होते. रक्ताने भरलेल्या आतड्यात तयारीशिवाय दुर्बीण घालून काहीही दिसत नाही. लाल पडद्यावर लाल ठिपका शोधायचा. पोट साफ करणारी पावडर पाण्यात मिसळून चार ते सहा लिटर, तीन-चार तासांत पाजावी लागते. सत्तर-ऐंशीच्या माणसाला हे सोसवेलच असे नाही. उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, हृदय कमजोर असेल तर वेगळी काळजी. दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी बसवतात, कारण तिने पिशवीचे तोंड उघडे धरता येते आणि ओढून पिशवी उलटी करून आत पाहता येते. पाण्याचा जोरदार फवारा देणारी दुर्बीण हवी. एक पिशवी, फवारा, ओढ, नजर. मग पुढची पिशवी. चांगला हात असलेला डॉक्टर यात तास घालवू शकतो आणि तरीही रिकाम्या हाताने बाहेर येऊ शकतो. रक्त चालू असेल तर पाणी लगेच लाल होते. त्यावर जपानमधल्या डॉक्टरांनी पाण्याऐवजी पारदर्शक जेल सोडण्याची युक्ती काढली. जेलमध्ये रक्त चटकन मिसळत नाही, त्यामुळे धार कुठून येते ते दिसते. साधी, स्वस्त आणि खरोखर उपयोगी युक्ती.

आजकाल हा शोध सीटी अँजिओग्राफीने आधी सुरू करतात. शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेल्या सीटीत मिनिटाला अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास वाहणारे रक्तही दिसू शकते. आतडे साफ करावे लागत नाही, रात्री दोन वाजताही होते. मोठा रक्तस्राव चालू आहे आणि रक्तदाब उतरला आहे, अशा रुग्णात पहिली तपासणी सीटी असावी, हे आता अमेरिकी आणि युरोपीय दोन्ही सूचनांत आले आहे. सीटीवर रंगद्रव्य आतड्यात सांडताना दिसले, तर दुर्बिणीला खुणा सापडण्याची शक्यता बरीच वाढते, कारण कुठल्या तुकड्यात शोधायचे ते ठरते. मात्र रक्त थांबल्यावर काढलेला सीटी काहीच सांगत नाही, आणि मूत्रपिंडे अधू असतील तर रंगद्रव्याचा विचार करावा लागतो. दुसऱ्या टोकाला, ज्यांना थोडेच रक्त गेले आणि ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांना दाखल करायचे की नाही हे ठरवायला ब्रिटनमध्ये तयार झालेली ओकलंड गुणपद्धती आहे. वय, नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन वगैरेंना गुण द्यायचे. बेरीज ८ किंवा कमी आली तर बहुतेकांना घरी पाठवून नंतर तपासता येते.

समजा पिशवी सापडली. पुढे काय?

ॲड्रिनलिनच्या इंजेक्शनने धमनी आकसते, रक्त काही काळ थांबते, आणि औषधाचा जोर ओसरला की ते परत सुरू होऊ शकते. दृश्य साफ करण्यापुरता त्याचा उपयोग. एकट्यावर भिस्त ठेवू नये. उष्णतेचा चटका मानेजवळच्या वाहिनीला देता येतो. घुमटाला नाही, कारण तिथे खाली स्नायूच नाही. उष्णता आरपार गेली तर आतड्याला भोक पडते, तेही कधी कधी दोन-तीन दिवसांनी, रुग्ण घरी गेल्यावर. उजव्या बाजूच्या पातळ भिंतीत ही भीती जास्त. म्हणून चटका मागे पडला.

क्लिपने भाजत नाही, हीच तिची मोठी जमेची बाजू. ती बहुतेक दुर्बीण विभागांत असते आणि दुर्बीण बाहेर न काढता लावता येते. पण कशी लावली यावर सगळे अवलंबून आहे. पिशवीत शिरून वाहिनीच चिमटीत पकडली तर ती थेट क्लिप. ते जमले नाही की पिशवीचे तोंड चेनसारखे दोन-तीन क्लिपांनी बंद करतात. तोंड बंद झाले म्हणजे रक्त दिसेनासे होते, पण आतली धमनी तशीच. सुरुवातीला उल्लेख केलेल्या जपानी माहितीतही थेट क्लिपनंतर लवकर पुन्हा रक्त जाण्याचे प्रमाण तोंड बंद करण्यापेक्षा कमी आढळले. दार लावून घेणे आणि घरातली आग विझवणे यांत जो फरक, तो इथे आहे. अडचण अशी, की थेट क्लिप लावायला वाहिनी दिसावी लागते आणि घुमटाच्या तळाशी ती दिसतेच असे नाही.

आणि मग रबरी बँड. या साधनाचा प्रवास मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मजेदार वाटतो. मूळव्याधीच्या कोंबाला रबरी बँड घालून तो सुकवायची पद्धत बॅरन या अमेरिकी सर्जनने १९६३ मध्ये रूढ केली. १९८०च्या दशकात डेन्व्हरच्या ग्रेग स्टीगमन यांनी तीच कल्पना दुर्बिणीच्या टोकावर बसवली आणि यकृताच्या आजारात अन्ननलिकेत फुगणाऱ्या शिरांवर वापरली. आज लिव्हरच्या रुग्णाला रक्ताची उलटी झाली की महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत जे ‘बँडिंग’ करतात, ते हेच. २००३ मध्ये बॉस्टनच्या फॅरेल आणि सहकाऱ्यांनी हा बँड वाहणाऱ्या डायव्हर्टिक्युलमवर लावून पाहिला. म्हणजे मूळव्याधीसाठी निघालेले साधन चाळीस वर्षे फिरून अशा रक्तस्रावापाशी आले, ज्याला लोक मूळव्याधच समजतात.

फॅरेल यांनी चार-दोन रुग्णांवर केलेले काम पुढे नेले टोकियोच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयातल्या नाओकी इशी यांच्या गटाने. २०१२ नंतर त्यांचे अनुभव प्रसिद्ध होत गेले. पद्धत अशी. वाहणारी पिशवी सापडली की तिच्या शेजारी खूण म्हणून एक क्लिप लावायची. दुर्बीण पूर्ण बाहेर काढायची, टोकाला बँडचे उपकरण बसवायचे, पुन्हा त्या क्लिपपर्यंत जायचे. पिशवी टोपीत जोराने ओढून घ्यायची. ती मोजा उलटा व्हावा तशी आत येते, आणि मानेवर बँड सोडायचा. गाठोडे गळफास बसल्यासारखे काळेनिळे पडते, काही दिवसांत गळते, जखम भरून येते. वाहिनी मुळापासून बंद आणि पिशवीही नाहीशी. क्लिपला वाहिनी दिसावी लागते, बँडला पिशवी ओळखली तरी पुरते. ती घुमटासकट फासात येते. बँड सरस ठरतो तो यामुळे.

निकालही तसेच आले. टोकियोतल्या एका तुलनेत वर्षभरात पुन्हा रक्त जाण्याची शक्यता बँडनंतर ११.५ टक्के आणि क्लिपनंतर ३७ टक्के निघाली. पुढे ४९ रुग्णालयांच्या माहितीतून बँड घातलेले ६३८ आणि क्लिप लावलेले १,०४१ रुग्ण ताडून पाहिले, तेव्हाही लवकर पुन्हा रक्त जाण्याची शक्यता बँडच्या गटात निम्म्याहून थोडी कमी आणि नंतर परत येण्याचे प्रमाणही कमी. या तुलना चिठ्ठ्या टाकून केलेल्या नाहीत, आणि बँडमध्ये तरबेज रुग्णालये इतर बाबतींतही तरबेज असू शकतात, हे ध्यानात ठेवूनही कल इतका सातत्याने एकाच दिशेला आहे, की माझा कौल बँडला.

पण कौल बिनशर्त नाही. मान अरुंद आणि पोट मोठे अशी पिशवी ओढूनही उलटत नाही. पूर्वी सूज येऊन गेलेली असेल तर ती आजूबाजूला चिकटून घट्ट बसलेली असते. दुर्बीण काढून पुन्हा घालण्यात वेळ जातो. थकलेल्या, रक्तदाब खाली असलेल्या म्हाताऱ्या माणसात तो वेळ फुकट नसतो. बँडखाली फक्त अस्तर आणि त्याखालचा थर येतो, असे सुरुवातीच्या प्रयोगांत दिसले होते, तर काही प्रयोगांत उजव्या बाजूच्या निरोगी भिंतीवर बँड लावल्यावर स्नायूही अडकला. प्रत्यक्षात नंतर सूज येणे किंवा भोक पडणे क्वचित घडले आहे, पण घडले आहे. पोटात दुखू लागले तर लगेच या, हे रुग्णाला सांगूनच घरी पाठवायला हवे.

दुर्बीण बाहेर काढण्याचा त्रास टाळायला जपानमध्येच नायलॉनच्या सुटा होणाऱ्या फासाची पद्धत निघाली. टोपीत पिशवी ओढून तिच्या मानेवर फास आवळायचा. निकाल बँडच्या जवळपासचे आहेत, हात मात्र सरावाचा लागतो. दुर्बिणीवर बसणारी मोठी, अस्वलाच्या सापळ्यासारखी क्लिपही वापरून पाहिली गेली आहे. महाग आहे आणि अनुभव थोडा. रक्त थांबवणारी पावडर फवारणे सर्वांत सोपे, कारण नेम धरावा लागत नाही. ती पातळ थर धरते, एक-दोन दिवसांत धुऊन जाते, आणि खालची धमनी तिथेच असते. रात्र काढायला ठीक.

या रांगेत न बसणारा एक जुना उपाय आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. क्ष-किरण तपासणीसाठी वापरतात ते बेरियम आतड्यात भरायचे, म्हणजे ते सगळ्या पिशव्यांत जाऊन घट्ट बसते. १९७० मध्ये ॲडम्स या सर्जनने हे प्रथम मांडले. २०१५ मध्ये टोकियोतल्या नाओयोशी नागाता यांच्या गटाने चिठ्ठ्या टाकून चाचणी घेतली: एक वर्षात पुन्हा रक्त जाण्याचे प्रमाण बेरियम दिलेल्यांत १४.८ टक्के, नुसते निरीक्षण केलेल्यांत ४२.५ टक्के. रुग्ण ५४च होते, म्हणून हुरळून जाऊ नये. तरी पिशवी सापडलीच नाही, अशा मोठ्या गटासाठी काहीतरी करता येण्याजोगे आहे हे महत्त्वाचे. मात्र बेरियम भरल्यावर पुढचा सीटी किंवा दुर्बीण अवघड होते.

दुर्बिणीने भागले नाही की कॅथेटर. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी थेट वाहणाऱ्या फांदीपर्यंत नेऊन तिथे ती बंद करणारी कॉइल सोडतात. सीटीवर रक्त सांडताना दिसले आणि रुग्ण दुर्बिणीच्या तयारीला थांबू शकत नाही, अशा वेळी हाच पहिला मार्ग. आतड्याचा तेवढा तुकडा रक्ताविना मरण्याची भीती थोडी असते. शस्त्रक्रिया सर्वांत शेवटी, आणि ठिकाण माहीत नसताना अंदाजाने एखादा तुकडा कापणे तर टाळावेच. रक्त उरलेल्या भागातून चालू राहिल्याची उदाहरणे सर्जनांच्या जुन्या पिढीने पुरेशी पाहिली आहेत.

आपल्याकडे या साऱ्याचे काय? पिशव्यांचे प्रमाण भारतात पाश्चात्त्यांपेक्षा कमी, आणि तरुण-मध्यम वयात रक्त जाण्याची कारणे वेगळी: मूळव्याध, अल्सरेटिव्ह कोलायटिस, अमीबा, टायफॉइडचे किंवा क्षयाचे व्रण. पण साठी-सत्तरी ओलांडलेल्यांची संख्या वाढते आहे, कोलोनोस्कोपी तालुक्याच्या गावापर्यंत पोचते आहे, आणि पिशव्या सापडू लागल्या आहेत. पिशव्या दिसल्या म्हणून रक्त त्यांचेच असे मात्र नाही. १९७७ मध्ये स्कॉट बोली यांनी वयानुसार आतड्यात तयार होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या विकृत जाळ्यांचे वर्णन केले. त्याआधी त्यांतला बराच रक्तस्राव पिशव्यांच्या नावावर जमा होत होता. कर्करोगही शेजारी असू शकतो. त्यामुळे चाळिशीपुढच्या माणसाला न तपासता मूळव्याधीचे मलम देत राहणे हा खरा धोका आहे.

साधनांच्या बाबतीत परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. बँडचे उपकरण अन्ननलिकेच्या शिरांसाठी आपल्या बहुतेक पोटविकार विभागांत रोज वापरात आहे, हातही तयार आहेत. ते साधारणतः जठराच्या दुर्बिणीच्या मापाचे असते. ती दुर्बीण डाव्या बाजूला पोचते. उजवीकडे जायला कोलोनोस्कोपवर बसेल असे मोठे माप मागवून ठेवावे लागते. ही खरेदीची बाब आहे, संशोधनाची नाही. अडते ते रात्रीच्या मनुष्यबळावर आणि सीटी अँजिओग्राफीवर.

औषधांचे सांगायलाच हवे. गुडघेदुखीसाठी दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या या रक्तस्रावाची जोखीम वाढवतात, आणि एकदा रक्त गेलेल्याने त्या कायमच्या बंद कराव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे गणित वेगळे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याची ॲस्पिरिन बंद केली तर आतडे वाचते आणि हृदय अडचणीत येते. तिथे ती चालू ठेवण्याकडेच कल आहे. आजार झालाच नसताना केवळ खबरदारी म्हणून घेतली जाणारी ॲस्पिरिन मात्र थांबवावी. ट्रानेक्सॅमिक ॲसिडचे इंजेक्शन कुठेही रक्त दिसले की देण्याची आपल्याकडे सवय आहे. १२,००९ रुग्णांच्या ‘हॉल्ट-इट’ चाचणीने २०२० मध्ये दाखवले, की पचनमार्गाच्या रक्तस्रावात त्याने मृत्यू कमी होत नाहीत, शिरांत गुठळ्या मात्र वाढतात.

खाण्याबद्दलच्या समजुती जास्त चिवट. पेंटर आणि बर्किट यांनी १९७१ मध्ये पिशव्यांचे खापर कोंड्याच्या अभावावर फोडले आणि ते पाठ्यपुस्तकांत कायम झाले. २०१२ मध्ये अमेरिकेत कोलोनोस्कोपी झालेल्यांच्या अभ्यासात जास्त तंतुमय खाणाऱ्यांत पिशव्या कमी आढळल्याच नाहीत. शेंगदाणे, मका, बिया पिशवीत अडकतात म्हणून वर्ज्य, हा सल्लाही असाच. ४७,२२८ पुरुषांची १८ वर्षे नोंद ठेवून २००८ मध्ये निघालेल्या निष्कर्षात सुका मेवा किंवा पॉपकॉर्न खाण्याचा रक्तस्रावाशी संबंध दिसला नाही. चिवडा खायला हरकत नाही.

रिपोर्टमध्ये ‘डायव्हर्टिक्युलोसिस’ वाचून घाबरणाऱ्यांसाठी जपानमधला एक आकडा: लक्षणे नसलेल्या अशा माणसांत रक्तस्राव पाच वर्षांत सुमारे दोन टक्क्यांना आणि दहा वर्षांत दहा टक्क्यांच्या आसपास लोकांना झाला. ज्यांना एकदा झाला, त्यांचे वेगळे. बँडने एक पिशवी जाते, बाकीच्या राहतात, आणि पुढच्या वेळी रक्त तिसरीतूनच येऊ शकते. ते रुग्णालय कदाचित दुसरे असेल आणि डॉक्टर नक्कीच. त्या डॉक्टरला उपयोगी पडेल ते डिस्चार्ज कार्डावर असावे: कोणत्या बाजूच्या, कितव्या वळणाजवळच्या पिशवीवर उपचार झाला, खूण प्रत्यक्ष दिसली होती की नुसता संशय होता, बँड की क्लिप, शेजारी खुणेची क्लिप सोडली आहे का, आणि पिशवीचा फोटो. आपल्याकडच्या कार्डांवर बहुतेक वेळा ‘कोलोनोस्कोपी केली, रक्तस्राव थांबवला’ एवढेच लिहिलेले असते, आणि दुसऱ्या वेळचा शोध पुन्हा पहिल्या पिशवीपासून सुरू होतो.